दोघींच्या लग्नाला कायद्याची मान्यता कधी मिळेल, आणि तोवर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी ताई 28 वर्षांची, धुळ्यात एका खासगी दवाखान्यात नर्स. तिची जोडीदार 31 वर्षांची, नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. काही वर्षांपासून सोबत आहेत, सुट्टीच्या दिवशी धुळ्याच्या भाड्याच्या खोलीवर एकत्र राहतात. दोघींच्या घरी स्थळं बघणं चालू आहे आणि नर्स ताईची सुपारी दिवाळीनंतर फोडायचं घरच्यांनी ठरवून टाकलंय. एक एजंट भेटला, तो म्हणतो 25 हजारांत नोटरीसमोर ‘कोर्ट मॅरेज’ करून देतो. ताईंनी विचारलंय: समलिंगी लग्नाचा कायदा कधी होणार? तोवर थांबू, की नोटरीचं करून टाकू? या लढ्यात आमच्यासारख्यांनी करण्यासारखं काही आहे का, की ते सगळं दिल्ली-मुंबईवाल्यांचं काम? आणि शेवटी एक ओळ: ‘तिला काही झालं तर मला कोणी आत पण येऊ देणार नाही.’

ताई, तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे असं मी धरते. कायदा कधी होणार हे विचारताना तुम्हाला हवंय ते हे, की अडचणीच्या दिवशी तुमचं नातं कुणीतरी मानावं. त्यामुळे उत्तर लांबेल. यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींची घाई सारखी नाही. सुपारी तोंडावर आहे, आजारपण सांगून येत नाही, आणि कायद्याला वर्षं लागतील. मी जळगाव-धुळ्याच्या न्यायालयांत दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणं चालवते. तुमच्यासारखी जोडपी माझ्याकडे येत राहिली आहेत, बहुतेकदा ऑफिस बंद व्हायच्या वेळेला. त्याच अनुभवावरून सांगते.

आधी एजंटचं मिटवू. त्याला एक रुपया देऊ नका. नोटरीला लग्न लावायचा अधिकारच नाही, तुमचंही नाही आणि एखाद्या मुला-मुलीचंही नाही. 2024 मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने नोटरींना लेखी बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करू नका, तुम्ही विवाह अधिकारी नाही. तरी तालुक्याच्या कोर्टाबाहेर हे चालूच असतं. कागदावर शिक्का असतो, फोटो चिकटवलेले असतात, माणसाला वाटतं काहीतरी झालं. याहून वाईट म्हणजे दोघींपैकी एकीला कागदोपत्री पुरुष दाखवून नोंदणीचा अर्ज भरणं. तो सरळ गुन्हा आहे. एजंट पैसे घेऊन गायब होतो आणि बनावट कागदावरची सही तुमची राहते. शिक्षिका ताईची नोकरी त्यात जाऊ शकते.

इथे मला एक विचारायलाच हवं, कारण त्यावर सगळं उत्तर फिरतं. तुम्ही दोघी स्वतःला स्त्रीच मानता ना? दोघांपैकी एक जण मनाने पुरुष असेल, म्हणजे पारपुरुष (ट्रान्स पुरुष) असेल, तर त्याची वाट पूर्ण वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल तर तिला आजच्या कायद्यांखालीच लग्न करता येतं. त्याआधी 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पारलिंगी स्त्रीला हिंदू विवाह कायद्यातली ‘वधू’ मानलं होतं. आपल्याकडचंच उदाहरण हवं तर जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं आहे. अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीचा ग्रामपंचायतीचा अर्ज स्त्रियांच्या राखीव जागेवर नाकारला गेला, जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. पण ही वाट ज्याची आहे त्यानेच घ्यावी. लग्न करता यावं म्हणून खोटी ओळख लावून घेणं हा उपाय नाही, आणि प्रमाणपत्राचे नियम अर्ज करायच्या दिवशी ताजे बघून घ्यावे लागतात. तुम्ही दोघी स्त्रियाच आहात असं धरून पुढे लिहिते.

आता सुपारी. तुम्ही सज्ञान आहात, कमावत्या आहात. तुमच्या संमतीशिवाय लग्न लावायचा अधिकार आई-वडिलांना नाही, भाऊबंदांना नाही, जातपंचायतीला तर अजिबात नाही. 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या निवडीत तिसऱ्याने पडू नये हे स्पष्ट केलंय. पण हक्क आहे म्हणून घरी जाऊन एकदम सगळं सांगून टाका, असं मी कधीच सुचवत नाही. घर कसं आहे ते तुम्हाला माहीत. मारहाण होणारं घर असेल, फोन काढून घेणारं असेल, तर आधी सुरक्षितता आणि मग बोलणं. आधार, पॅन, नर्सिंगची नोंदणी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासबुक, हे मूळ कागद घरच्या कपाटातून काढून धुळ्यात आणा. बहुतेक मुली याच गोष्टीवर अडतात. मुलगी बाहेर पडते आणि तिची सगळी कागदपत्रं आईच्या ट्रंकेत राहतात, मग नवी नोकरी धरायची तर हातात काही नसतं.

घर सोडायची वेळ आलीच तर घरचे ‘मिसिंग’ची तक्रार देतील, हे धरूनच चाला. म्हणून निघाल्याच्या दिवशीच जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात आणि संबंधित पोलीस ठाण्यात पत्र द्या: मी सज्ञान आहे, स्वखुशीने अमुक ठिकाणी राहते आहे, मला कुणी पळवलेलं नाही, माझ्या जीवाला अमुककडून धोका वाटतो. पोच घ्या. ठाण्यात जबाब द्यायला बोलावलं तर सोबत वकील किंवा एखादी ओळखीची वडीलधारी बाई न्या. पत्रात नात्याचा उल्लेख करायलाच हवा असं नाही. कुठे राहायचं हे ठरवायला सज्ञान बाईला कारण द्यावं लागत नाही.

आणि तुम्हाला किंवा शिक्षिका ताईंना घरी डांबून ठेवलं, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका होते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात, मुंबईला जावं लागत नाही. मार्च 2024 मध्ये देवू नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी सगळ्या न्यायालयांना सूचना दिल्या. याचिका करणारी मैत्रीण आहे की जोडीदार, याची उलटतपासणी करत बसू नये. डांबलेल्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत, एकांतात बोलावं. समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये. या सूचना आल्यापासून आम्हा वकिलांचं काम पुष्कळ सोपं झालंय. ‘डॉक्टरकडे नेऊन बरं करू’ म्हणणाऱ्या घरच्यांसाठीही उत्तर आहे: असले उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच कळवलंय.

हे झालं तातडीचं. आता कायदा कुठे आहे ते बघू.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नवतेज जोहर निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या कलम 377 मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. म्हणजे तुम्ही एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे पक्कं. लग्नाचा प्रश्न सुप्रिय चक्रवर्ती प्रकरणात तिथेच गेला. एप्रिल-मे 2023 मध्ये दहा दिवस सुनावणी झाली आणि 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल आला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि 1954 चा विशेष विवाह कायदा न्यायालय बदलून वाचू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. त्यांचं म्हणणं असं की लग्नाचे धागे वारसा, पोटगी, दत्तक अशा कितीतरी कायद्यांत विणलेले आहेत, ते एका निकालाने सोडवता येत नाहीत, ते संसदेचं काम आहे. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने काही तरी मान्यता द्यायला हवी, असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी तेही नाकारलं. तीन विरुद्ध दोन. 9 जानेवारी 2025 ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

संसदेचं म्हणाल तर एप्रिल 2022 मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण 1970 नंतर आपल्याकडे एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. त्यामुळे तुम्हाला तारीख सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विसंबू नका. मी सुपारी मोडण्याचा किंवा घर सोडण्याचा निर्णय ‘कायदा येईलच’ या भरवशावर कुणालाही घेऊ देत नाही. तुमचं एकमेकींबरोबर राहणं त्याच्याशिवायही उभं राहील अशी मांडणी आधी करावी लागते.

ती मांडणी कागदांची आहे. लग्नाचा एक दाखला मिळाला की माणसाला आपोआप कितीतरी हक्क मिळतात. तुम्हाला ते एकेक करून कमवावे लागतात, आणि त्यातले काही कशानेही मिळत नाहीत. कुठला कागद चालतो आणि कुठला चालत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सगळ्यात मोठा कागद मृत्युपत्राचा. तुम्ही तिशीच्या आत-बाहेर आहात, मृत्युपत्र हा शब्दच तुम्हाला अभद्र वाटेल, पण ते नसेल तर काय होतं ते बघा. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित बाईचं जे काही असेल ते आई-वडिलांकडे जातं, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-पुतण्यांकडे. जोडीदार त्या यादीत कुठेच नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरी मी ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच घेते आणि त्याच दिवसाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडते. साक्षीदार ज्याला काही मिळणार नाही असा, तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि उद्या कोर्टात उभा राहील असा घ्या.

मृत्युपत्रात नातं लिहावं का, हे सगळ्या जणी विचारतात. मी लिहिण्याच्या बाजूची आहे. आई-वडील जिवंत असताना बाईने सगळं ‘परक्या’ बाईला दिलं, एवढंच कागदावर असेल तर भावाचा वकील पहिल्याच तारखेला संशयास्पद परिस्थितीचा मुद्दा काढतो आणि कोर्टालाही प्रश्न पडतो. कारण लिहिलेलं असेल तर तो प्रश्न निम्मा होतो. माझ्या मसुद्यात साधारण असं येतं: ‘अमुक या माझ्यासोबत एकाच घरात राहतात. माझ्या आजारपणात आणि अडीअडचणीत त्यांनीच माझं सगळं केलं आहे व आम्ही एकमेकींना जोडीदार मानतो. माझ्या आईस मी अमुक रक्कम ठेवत आहे. बाकी सर्व मी पूर्ण विचाराअंती त्यांना देत आहे.’ आईला थोडं तरी ठेवा असं मी आग्रहाने सांगते. तिला वगळलेलं नाही हे कोर्टाला दिसतं, आणि आईलाही दिसतं. नातं लिहायची हिंमत होत नसेल तर ‘सोबत राहणारी मैत्रीण’ असं लिहून एकत्र पत्त्याचे पुरावे जोडता येतात. तेही चालतं, फक्त भांडण झालं तर जास्त झगडावं लागतं.

शिक्षिका ताई आदिवासी समाजातल्या असतील तर इथे थांबा आणि वेगळा सल्ला घ्या. अनुसूचित जमातींना 1956 चा कायदा सरसकट लागू नाही, तिथे रूढीचा प्रश्न येतो, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेत कडक बंधनं आहेत. शेतजमिनीचं सगळ्यांसाठीच वेगळं आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, शेतकरी नसलेल्या माणसाला शेती विकत किंवा बक्षीस देता येत नाही. गुजरातच्या एका प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्रानेही देता येत नाही असं सांगितलं, आणि त्यातला कूळकायदा मूळचा आपल्याच मुंबई प्रांताचा. तुमच्या दोघींची नावं आपापल्या घरच्या सातबाऱ्यावर असतील तर हा अडथळा उरत नाही. नसतील तर एकीने दुसरीसाठी केळीचा मळा ठेवायचा विचार सोडून द्यावा आणि पैशाची तरतूद करावी.

घर घ्याल तेव्हा पहिल्या दिवसापासून दोघींच्या नावावर घ्या, खरेदीखतात कुणाचा किती हिस्सा ते लिहून. एकीच्या नावावर घेऊन ‘नंतर अर्धं करून देऊ’ म्हणणं महागात पडतं. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. तुम्हाला मात्र परक्याला विकल्यासारखं पूर्ण शुल्क भरावं लागतं. वर नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरून आयकर लागतो. नवरा-बायकोला ही सूट आहे, तुम्हाला नाही. 2025 मध्ये एका समलिंगी जोडप्याने नेमका हाच भेदभाव मुंबई उच्च न्यायालयात नेला आहे.

बँकेचं खातं संयुक्त काढा, ‘दोघींपैकी एक किंवा हयात असलेली’ या अटीवर. नामनिर्देशन करा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे उचलतो, हक्क वारसांचा राहतो. विम्याबाबत 1984 पासून आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. म्हणून जिथे जिथे नॉमिनी लावाल ते मृत्युपत्राशी जुळलं पाहिजे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीत कुटुंबाची व्याख्या ठरलेली आहे. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाच नॉमिनी करावं लागतं. नसतील आणि नवरा-मुलंही नसतील, तर कुणालाही करता येतं. आणि कौटुंबिक निवृत्तिवेतन? ते आज कुठल्याच कागदाने जोडीदाराला मिळत नाही. अशा ठिकाणी मी खोटी आशा दाखवत नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. माझ्याकडच्या एका प्रकरणात दोघी जणी पन्नाशीच्या होत्या. एकीला झटका आला. दुसरी तिला रिक्षात घालून रात्री दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात तिने ‘मैत्रीण’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने त्यावर काट मारली आणि म्हणाला, रक्ताचं कुणी असेल तर घेऊन या. पैसे तिनेच भरले, औषधं तिनेच आणली, आणि सहीसाठी पहाटेपर्यंत भावाची वाट बघितली. भाऊ येऊन गेल्यावर तिला अतिदक्षता विभागाच्या दारातही उभं राहू दिलं नाही.

हे टाळायला पूर्ण खात्रीचा कागद नाही, पण बरेच आधार आहेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती तिची स्वतःची लागते, घरच्यांची नाही, हे तुम्ही नर्स असल्यामुळे माझ्याहून चांगलं जाणता. शुद्ध हरपली तर मुखत्यारपत्र कामाचं राहत नाही. आपल्या कायद्यात देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारपत्राची ताकदही जाते, आणि मृत्यूनंतर तर ते उरतच नाही. ‘पॉवर ऑफ अॅटर्नी केलीय’ म्हणून निर्धास्त असलेली जोडपी मी पुष्कळ पाहते, त्यांना हे सांगावं लागतं. त्यापेक्षा वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करा, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवणारा कागद. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते, आणि आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव त्यात लिहिता येतं. ते शेवटच्या अवस्थेसाठी असतं हे खरं, पण दवाखान्याच्या टेबलावर तुमचं नाव असलेला सहीशिक्क्याचा कागद ठेवता येतो याला मोठी किंमत आहे. मानसिक आजाराच्या उपचारासाठी 2017 चा कायदा तर स्पष्टच सांगतो की सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते, आणि तो रक्ताचाच हवा असं नाही. आरोग्य विम्याच्या आणि दवाखान्याच्या प्रत्येक नोंदणीत ‘तातडीचा संपर्क’ म्हणून एकमेकींचं नाव आजच घाला.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर, मूळ कागद स्वतःच्या ताब्यात, पोलिसांसाठी पत्र तयार, दोन मृत्युपत्रं, दोन वैद्यकीय इच्छापत्रं, एक संयुक्त खातं, जुळणारी नामनिर्देशनं. एवढं करायला एजंटच्या 25 हजारांपेक्षा कमी खर्च येतो. आणि यातल्या कशासाठीही संसदेची वाट बघावी लागत नाही.

मग लढा? तुम्ही विचारलंत ते दिल्ली-मुंबईवाल्यांचं काम आहे का. ताई, 2023 मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात हेच म्हटलं होतं, की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. चंद्रचूड यांनी आपल्या निकालात ते खोडून काढलं. पण खोडायला फार आधीपासून पुरावा होता. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, 1987 मध्ये पोलीस दलातल्या लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव या दोघींनी देवळात लग्न केलं होतं आणि त्यापायी नोकरी गमावली होती. त्या कुठल्या उच्चभ्रू वस्तीतल्या नव्हत्या. तुमच्यासारखी पत्रं शिरपूर, साक्री, पाचोऱ्याहून येतात तेव्हा तो युक्तिवाद आणखी कमकुवत होतो, फक्त ती पत्रं सरकारी दप्तरात दिसायला हवीत. आज ती दिसत नाहीत. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

2023 च्या सुनावणीत सरकारने कबूल केलं होतं की समलिंगी जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी समिती नेमू. एप्रिल 2024 मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली. त्यातून ऑगस्ट 2024 मध्ये काही गोष्टी निघाल्या. रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले माना, असं अन्न विभागाने सगळ्या राज्यांना कळवलं. संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंदी नाही, असं वित्तीय सेवा विभागाने जाहीर केलं आणि रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना तसं कळवलं. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं. यातली शेवटची सवलत किती अर्धी आहे ते बघा, भाऊ हजर असला की ती संपली. तरी हे सरकारच्या सहीचे कागद आहेत.

आता हे कागद आपल्या तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत पोहोचलेत का? विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचं ते लेखी. तोंडी विचारलं की ‘असं काही नसतं’ म्हणून पाठवतात आणि कुठे नोंदच राहत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, नाकारलं तर नकार कारणासह लेखी मागा. लेखी नकार हा आम्हा वकिलांच्या हातातला सगळ्यात उपयोगी कागद असतो. खंडपीठात जायचं तर त्यावरच जाता येतं, आणि समितीपुढे अडचण मांडायची तर तोच दाखवावा लागतो.

हे सगळ्यांना झेपेल असं नाही, हे मला कळतं. शिक्षिका ताईंनी त्यांच्या शाळेच्या गावात एकत्र रेशनकार्डाचा अर्ज दिला तर संध्याकाळपर्यंत दुकानदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना कळेल. त्यांनी तो देऊ नये. लैंगिकतेवरून नोकरीला धक्का लावता येत नाही, पण गावात बाईचं जगणं अवघड करायला आदेश लागत नाहीत. तुम्ही धुळ्यात, शहरात आहात. तिथे खातं काढणं, नॉमिनी लावणं सुरुवातीला पुरेसं आहे. तेवढंही नको असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, 10 रुपयांचा. जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना विचारायचं: ऑगस्ट 2024 च्या केंद्राच्या सूचनेवर तुमच्याकडे कोणते आदेश आले, किती अर्ज आले, किती मंजूर झाले. तो तुमच्या नावाने जायची गरज नाही. एखादा विश्वासू मित्र, सहकारी, वकील कुणीही टाकू शकतो, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिन्ही जिल्ह्यांतून असे अर्ज गेले तर खान्देशात ही माणसं आहेत हे दप्तरी लागेल.

लहान ठिकाणाहून काय होतं त्याचं शेजारचं उदाहरण नेपाळचं. जून 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांची नोंद करायचा अंतरिम आदेश दिला. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने तरी एका जोडप्याला नकार दिला. त्यांची नोंद शेवटी 29 नोव्हेंबर 2023 ला झाली ती लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत. त्यांनी मागणं सोडलं नव्हतं म्हणून.

लग्नाचा सोहळा करायचा का, असंही तुमच्या मनात असणार. करा की. हार घालणं, सुपारी-नारळ, मैत्रिणींनी म्हटलेली मंगलाष्टकं, यात बेकायदा काहीच नाही. फक्त त्यातून कायद्याचा हक्क मिळत नाही एवढं लक्षात ठेवा. 1873 मध्ये पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न भटजीशिवाय लागलं तेव्हाही लोक विचारत होते की हे कसलं लग्न. तमिळनाडूत भटजीशिवायचे ‘स्वाभिमान विवाह’ कित्येक वर्षं लागत राहिले, त्यांना कायद्याची मान्यता 1967 च्या दुरुस्तीने मिळाली. तोवर लग्न लावणारे थांबले नव्हते.

आणि आई. ‘लोके काय म्हनतीन’ हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की त्यामागची भीतीही मला ओळखीची झालीय. बऱ्याचदा ती भीती लोकांची कमी आणि ‘म्हातारपणी हिचं कोण करणार’ याची जास्त असते. सांगायचं ठरवलंत तर सुपारीच्या आदल्या दिवशी सांगू नका. आधी, शांत वेळी, शक्यतो आईला एकटीला सांगा, आणि तुमची राहायची, पैशाची, आजारपणाची सोय कशी लावली आहे तेही सांगा. काही आया त्या सोयीवरच थोड्या सैल होतात. काही कधीच होत नाहीत, आणि तुमची आई कोणत्या बाजूची आहे ते मला इथून सांगता येणार नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर धुळे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. अर्जात ‘कुटुंबाकडून जबरदस्तीच्या विवाहाची भीती’ एवढं कारण लिहा, बाकीचं वकिलाला समोरासमोर सांगा. फोनवर विचारायचं असेल तर 15100, आणि घरात हात उचलला गेला तर 112. जाताना आधारची प्रत आणि स्थळाबद्दल घरच्यांनी पाठवलेले मेसेज सोबत ठेवा, पुसू नका.